कोरडा दगड

कॅरिआकू
९ मार्च १९८८

ऑटिली,

अकरा वर्षांनी तुझं पत्र आलं. हिल्सबरोच्या पोस्टातल्या बाईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हडर्सफील्डचं? कोण वारलं?" मी म्हटलं, "कोणी नाही. लोक एरवीही पत्रं लिहितात." घरी येऊन वाचलं तर विषय मेलेल्या माणसाचाच निघाला.

आई तुझ्या स्वप्नात येते म्हणतेस. तीनदा आली. तुझ्या स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसते, तोंडातून शब्द काढत नाही, तुझ्याकडे बघत राहते आणि उठून जाते. तू त्याचा अर्थ लगेच गावच्या बायकांसारखा लावलास: मेलेलं माणूस स्वप्नात आलं म्हणजे ते उपाशी आहे, त्याचं जेवण कोणीतरी चुकवलं आहे. एकतीस वर्षं इंग्लंडात काढलीस, त्यातली वीस इस्पितळाच्या नोकरीत. तिथल्या डॉक्टरांना हे निदान सांगून बघ.

आता तुझे प्रश्न. वीस वर्षांपूर्वी त्यांची उत्तरं दिली आहेत, पुन्हा देते.

आई सहासष्टच्या ऑक्टोबरात गेली. तिचा दगड मी अडुसष्टमध्ये बसवला. तो आजही सरळ उभा आहे, नाव आणि तारखा नीट कोरलेल्या आहेत. हडर्सफील्डातले आपले लोक सुट्टीला येतात, त्यांना विचार. दगडाचं जेवण रीतीप्रमाणे झालं. ऑगस्टीन कोरियनने ढोल वाजवले. सुरुवातीला माफीचं गाणं झालं, मग एकेका कुळाचं गाणं झालं. मोकोचं गाणं कोणी म्हटलं हे तू मुद्दाम विचारलं आहेस. आपण दोघी बाबांच्या कुळाच्या, क्रोमांती. आईचं कूळ तिच्या बापाचं, मोको, आणि त्या कुळाची गावातली ती शेवटची, हे मला माहीत आहे. स्वतःच्या कुळाचं गाणं कानावर पडल्याशिवाय मेलेलं माणूस नाचाच्या रिंगणात पाऊल टाकत नाही, हेही लहानपणापासून ऐकलं आहे. गाणं म्हणायला कोणीतरी होतंच. वीस वर्षांनी नाव कुठे आठवतं?

तू पाठवलेलं पांढरं कापड टेबलावर अंथरलं. पितरांचं ताट मी माझ्या हाताने वाढलं. मेंढीचं मटण, मक्याच्या पिठाचा कूकू, भात, तुरीचे दाणे. मटण मी चाखून पाहिलं होतं, मीठ बेताचं होतं. रात्रभर दार लोटून ताट आत ठेवलं. आणखी काय करायला हवं होतं?

आई शांतपणे गेली आणि शांतपणे पडली आहे. झोपण्याआधी चहा घेऊ नकोस.

इस्मे


२ मे १९८८

ऑटिली,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. "पितरांच्या ताटात मीठ? मेलेल्यांचं अन्न अळणी असतं, हे आपल्या गावातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. तू जेवण केलंच नाहीस. खरं लिहायचं असेल तर लिही, नाहीतर लिहू नकोस."

अडतीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या. खोटं उत्तर लिहिणारा कुठे सापडतो ते मला माहीत आहे. न विचारलेलं काहीतरी जास्तीचं लिहायला जातो आणि तिथे सापडतो. तू मिठाचं विचारलं नव्हतंस. मी लिहिलं.

जेवण केलं नाही. दगड बसवला तो कोरडाच. मिस्त्री आला, फादरनी पाणी शिंपडलं, वीस मिनिटांत सगळे आपापल्या घरी गेले. ढोल नाही, मेंढी कापली नाही, ताट नाही. तुझ्या पांढऱ्या कापडाचे मी बालवर्गाच्या खिडक्यांना पडदे शिवले. अकरा वर्षं टिकले. चांगलं कापड होतं.

आता कारण. आई गेली त्याच महिन्यात मला मुख्याध्यापिकेची जागा मिळायची होती. शाळा चर्चची. फादर सांत्वनाला आले, खुर्चीत बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "मिस लेन्डोर, तुमच्या अंगणात जर ढोल वाजला..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. शिकलेल्या माणसाला तेवढं पुरतं. या बेटावरची एकही मुलगी तोवर त्या खुर्चीवर बसली नव्हती. आई असती तर तीच म्हणाली असती की जागा घे. निदान मी असं धरून चालले. मग अडुसष्ट आलं, तेव्हा फादर तेच होते, शाळा तीच होती. तुला मात्र जेवण झालं म्हणून कळवलं, कारण तू विचारत राहिली असतीस.

गावात सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या हडर्सफील्डकरांनाही. कोणी तुला बोललं नाही, यात माझा दोष नाही.

आणि सत्त्याहत्तरचंही लिहून टाकते. तुझी मुलगी विचारत होती की आपलं कूळ कोणतं, तिला काय सांगू, असं तू लिहिलं होतंस. मी उत्तर दिलं, "तिला आधी शुद्धलेखन शिकव." त्यानंतर तू लिहिणं बंद केलंस. वाक्य चुकीचं होतं. तिला शुद्धलेखन येत असणार.

काल ऑगस्टीनकडे गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला आहे, एक पाय ओढत चालतो. समुद्राकाठी पालथ्या घातलेल्या बोटीच्या सावलीत ढोलाचं कातडं ओलं करून ताणत बसला होता. मला पाहून उठला नाही.

"या बाई. कोणाची तक्रार आणलीत?"

"आईचं जेवण करायचं आहे."

"कोणाच्या आईचं?"

"माझ्या."

"तुमच्या आईचं तर झालंय की! अडुसष्टमध्ये. मीच ढोल वाजवले म्हणे. इंग्लंडातून आलेल्या माणसाने सांगितलं मला." त्याने कातड्याला एक हिसका दिला. "बरे वाजवले होते का?"

"ऑगस्टीन, चेष्टा पुरे."

"पुरे तर पुरे. वीस वर्षं पुरवून ठेवली होती." मग हात पुसून म्हणाला, "कोरडा बसवलेला दगड काढावा लागेल. घरी न्यायचा, पलंगावर निजवायचा, वर चादर घालायची. रमने आणि पाण्याने भिजवायचा. मग जेवण, मग पुन्हा बसवायचा. आणि माफीच्या गाण्याला घरच्या माणसाने गुडघे टेकायचे. घरचं माणूस म्हणजे तुम्ही."

"मला संधिवात आहे."

"ते म्हातारीला सांगा. मी नुसता ढोलवाला."

मी हो म्हणून आले. तुला कळवायचं ते एवढंच.

इस्मे


२० जून १९८८

ऑटिली,

तू उत्तर दिलं नाहीस. तरी लिहिते, कारण काम अडलं आहे.

तारीख ठरली, शनिवार १३ ऑगस्ट. मेंढी सांगून ठेवली आहे. नव्या फादरना मी स्वतः जाऊन कळवलं. तरुण आहे, म्हणाला, "वा! मी आलो तर चालेल का? फोटो काढीन." मी बावीस वर्षं ज्याला भ्याले, त्याचा हा शेवट. बाहेर येऊन चर्चच्या पायरीवर पाच मिनिटं बसावं लागलं.

स्वयंपाक सेलेस्तीन बघणार आहे. तुझ्याच वर्गातली, बोटी बांधणाऱ्या एनोच्या घरात दिलेली. नऊ नातवंडं आहेत, जीभ आहे तशीच आहे. मोठी पातेली मागायला तिच्याकडे गेले तर म्हणाली, "पितरांचं पातेलं वेगळं काढते हं बाई. नाहीतर तुम्ही येऊन चाखाल." म्हणजे मिठाची गोष्ट तुझ्या घरातून निघून माझ्याआधी गावात पोचली.

अडलं ते इथे. ऑगस्टीन म्हणतो, "मोकोचा ठोका माझ्या हातात आहे. शब्द माझ्याकडे नाहीत. ते तुमच्या आईने तुमच्या बहिणीला दिले." गाण्याशिवाय नुसता ठोका म्हणजे कोणाच्या तरी दारावर थाप मारायची आणि नाव सांगायचं नाही, असं तो म्हणतो. आई दगड बसवून घेईल, पण ताटाकडे येणार नाही.

सेलेस्तीनला विचारलं, तुला ते गाणं येतं का. ती तुरीचे दाणे सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "मला काय विचारता बाई? शाळेत कुठे होतं ते आम्हाला!"

मला येत नाही. मी त्याच घरात वाढले, आई ते पाणी भरताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची. मी दुसऱ्या खोलीत मोठ्याने पाढे म्हणायचे. ट्रेनिंग कॉलेजहून परत आले तेव्हा तिला सांगितलं होतं की खिडकी बंद करून म्हणत जा. ती खिडकी बंद करायची. आता आठवून बघते तर चाल येते, तीही अर्धी. शब्द नाहीत.

तेव्हा तू ये. दोन आठवडे रजा घे. खोली झाडून ठेवते. येता येत नसेल तर तुझ्या मुलीकडे टेप असेल, त्यावर गाऊन कॅसेट पाठव. हे मी माझ्यासाठी मागत नाही.

आई शेवटी काही बोलली का, असं तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस. झोपेत गेली. पूर्वी कळवलं आहे.

इस्मे


२८ जुलै १९८८

ऑटिली,

"ते गाणं तू माझ्या तोंडातून पट्टीने काढून घेतलंस. ज्यांच्या हातांवर पट्टी मारलीस त्यांच्याकडे माग. मी येणार नाही."

तुझं अक्षर सुधारलं आहे.

चव्वेचाळीस साल काढायचंच असेल तर पुरं काढू. मी बावीस वर्षांची होते, कॉलेजातून येऊन एक वर्ष झालं होतं, वर्गात साठ मुलं होती आणि त्यांत तू होतीस. मधल्या सुट्टीत मी बाहेर आले. बदामाच्या झाडाखाली सात मुली ओळीत उभ्या होत्या. समोर तू, दहा वर्षांची, माझीच पट्टी हातात घेऊन मास्तरीण झालेली. त्यांना मोकोचं गाणं एकेक ओळ शिकवत होतीस. चुकलेल्या मुलीला पुन्हा म्हणायला लावत होतीस. माझ्यासारखी भुवई चढवत होतीस.

फाटकापाशी शाळा तपासनीस उभा होता. हे तुला कधीच कळलं नाही. तो हसत होता. इंग्रज माणूस, त्याला मजा वाटत होती. त्याचं ते हसणं मला सहन झालं नाही.

सातही जणींना चार-चार. तुला आठ, कारण तू माझी बहीण. त्याला मी न्याय म्हणत होते. तू रडली नाहीस. घरी जाऊन आईला हात दाखवलेस. आई मला एका शब्दाने बोलली नाही. माझं ताट वाढून तिने समोर ठेवलं आणि अंगणात जाऊन बसली. त्या दिवसापासून ती तुला शेजारी घेऊन निजायची आणि तुझ्या कानात काय म्हणायची ते भिंतीपलीकडे मला ऐकू येत नसे.

हे सगळं मला माहीत आहे. मी काय विसरले आहे असं तुला वाटतं?

पण तू नाही म्हणतेस तेव्हा कोणाला नाही म्हणतेस याचा विचार कर. माझं काही अडत नाही. सहासष्ट वर्षांची आहे, पेन्शन आहे, डोळे चांगले आहेत. गाणं हवं आहे ते आईला. तुझ्या स्वयंपाकघरात येऊन ती बसते, माझ्याकडे येत नाही. मला आजपर्यंत एकही स्वप्न पडलेलं नाही. ना आईचं, ना बाबांचं. ऑगस्टीनने विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला गाढ झोप लागते. तो म्हणाला, "असेल बुवा. काही घरांचं दारच वाजवत नाहीत ते."

दगड सोमवारी उपटला. चार माणसं लागली. आता तो माझ्या पलंगावर चादर पांघरून निजला आहे आणि मी बाकावर झोपते. सेलेस्तीन रोज संध्याकाळी येऊन त्याच्यावर रम शिंपडते आणि त्याच्याशी गप्पा मारते. कोणाची गाय व्याली, कोणाच्या मुलीने काय घोळ घातला. माझ्याशी बोलत नाही.

तू येऊ नकोस. मी भीक मागणार नाही. ठोका वाजेल, शब्द नसतील. तेवढं तू घडवलंस आणि तेवढं मी घडवलं.

इस्मे


१५ ऑगस्ट १९८८

ऑटिली,

जेवण झालं. तुला कळवण्याचं कर्तव्य आहे म्हणून क्रमाने लिहिते.

ऊन उतरल्यावर ढोल अंगणात मांडले. तीन ढोल, मधला ऑगस्टीनकडे. सगळं गाव आलं होतं. मला वाटलं होतं पन्नासएक माणसं येतील, तर बाहेर रस्त्यापर्यंत उभी होती. माझ्या आईसाठी आली होती, की माझे गुडघे बघायला, हे मी ठरवू शकले नाही.

माफीचं गाणं सुरू झालं. सेलेस्तीन पुढे म्हणत होती, बाकीच्या मागे. मी टॉवेल अंथरून गुडघे टेकले. गाण्यात एक जागा येते, तिथे घरच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने मागायचं असतं. मी मागितलं. पूर्ण वाक्यात, शुद्ध इंग्रजीत, शाळेत प्रार्थनेनंतर बोलायचे तशा आवाजात.

ढोल थांबले.

"बाई," ऑगस्टीन म्हणाला, "म्हातारीला इंग्रजी कुठे येत होतं?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. आईला गावची पात्वा बोलीच येत होती, दुसरं काही नाही. माझ्या शाळेत जो पात्वाचा एक शब्द बोलेल त्याला मी भिंतीकडे तोंड करून उभं करत असे. अडतीस वर्षं. त्या अंगणातली निम्मी माणसं त्या भिंतीकडे बघत मोठी झालेली.

मी म्हटलं, "पादोने म्वे." क्षमा कर.

"नाही ऐकू आलं," सेलेस्तीन म्हणाली. "आणि शेवटचा सूर नाकातून काढायचा, बाई. पुन्हा."

पुन्हा म्हटलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा तिने मान डोलावली आणि ढोल सुरू झाले. मला दोघींनी धरून उठवलं. तू इथे असतीस तर तुला समाधान वाटलं असतं. वाटायलाच हवं होतं.

मग कुळं सुरू झाली. आपलं क्रोमांती वाजलं तेव्हा मी रिंगणात चार पावलं टाकून आले. इबो झालं, तेम्ने झालं, माणसं आपापल्या कुळाला आत जात होती, बाहेर येत होती. शेवटी ऑगस्टीनने मोकोचा ठोका धरला. रिंगण रिकामं झालं. मी जमिनीकडे बघत होते. आता हा ठोका असाच रिकामा वाजणार आणि थांबणार, आणि त्याचं मी उद्या तुला कळवणार, एवढंच मनात होतं.

सेलेस्तीनने गाणं सुरू केलं.

तिच्या मागे चौघी उठल्या. ऑटिली, त्या बदामाच्या झाडाखालच्या सातांपैकी दोघी वारल्या. उरलेल्या पाचही जणी तिथे होत्या. कोणी जाडजूड झालेली, कोणाला दात नाहीत. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गाणं म्हटलं आणि एक जणही अडखळली नाही. दुसऱ्या फेरीला सगळं अंगण साथ देऊ लागलं. त्यांच्या मुली, नातवंडं, बोटीवरचे पुरुष, सगळ्यांना येत होतं. ओठ मिटून उभी होते ती मी एकटी. आणि शेजारी तो फादर, कॅमेरा घेऊन.

काल सकाळी पातेली घासताना मी सेलेस्तीनला गाठलं.

"येत होतं तर जूनमध्ये का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत, 'तुला ते गाणं येतं का?' अगदी त्याच आवाजात. त्या प्रश्नाला एकदा हो म्हटलं होतं बाई, चार पट्ट्या पडल्या." तिने पातेलं उपडं केलं. "लहानपणची सवय."

"मी ऑटिलीला केवढं लिहिलं त्या गाण्यासाठी. तू बघत होतीस."

"बघत होते. तुम्ही मागताना कशा दिसता, ते कधी पाहिलं नव्हतं."

मी पुढचं पातेलं घासायला घेतलं. मग तीच म्हणाली, "आणि तुमची आई, आमची टँटी लिओनीज, उपाशी आहे, हे डोक्यातून काढून टाका. ती गेली त्या वर्षापासून आमच्या घरी दर वर्षी तिचं ताट निघतं. अळणी. गाणं म्हणून. आम्ही पाच जणी पाळीपाळीने करतो. तुम्हाला बोलावलं नाही, कारण तुम्ही पोलीस आणले असते."

"आणले असते," मी म्हटलं.

"मग!"

"जेवत होती, गाणंही ऐकत होती. तर ऑटिलीकडे कशाला जाते?"

सेलेस्तीन माझ्याकडे बघत राहिली. शाळेत असताना ती माझ्याकडे असं कधी बघू शकली नसती.

"ते आम्हाला काय ठाऊक? शेवटच्या दिवशी तिच्याजवळ तुम्ही होतात. आम्ही कुंपणाशी गायला आलो होतो, तर आम्हाला हाकलून दिलंत."

दगड बसवला आहे. या वेळी ओला.

इस्मे


१७ ऑगस्ट १९८८

ऑटिली,

दोन दिवसांत दुसरं पत्र. सेलेस्तीनला मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेच आहे. ते तिला दिलं नाही. ते तुझं आहे.

आई झोपेत गेली नाही.

दुपारचे तीन वाजले असतील. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दोन वर्षं तिला उजेड आणि अंधार एवढंच दिसत होतं. बायका कुंपणाशी येऊन गाऊ लागल्या. मी बाहेर गेले आणि त्यांना घालवून दिलं. आवाज न चढवता. मला कधी चढवावा लागला नाही. परत येऊन पलंगाशी बसले. आईने ते सगळं ऐकलं असणार, पण माझा आवाज तिने ओळखला नाही, किंवा ओळखायचा नव्हता. तिने हात पुढे केला आणि विचारलं, "ऑटिली?"

मी म्हटलं, "हो. मीच."

ते मी दयेने म्हटलं, असं बावीस वर्षं स्वतःला सांगत आले. नऊ वर्षं ती तुझी वाट बघत होती, मरताना तेवढं सुख मिळू दे. ऐकायला बरं वाटतं. खरं असं आहे की तिने एकदाही "इस्मे" म्हणून हाक मारली नव्हती आणि मला कोणाची तरी हाक हवी होती.

तिचा चेहरा उजळला. माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला, तळव्यावरून बोट फिरवलं. मग पात्वात म्हणाली, "मग म्हण."

काय म्हणायचं ते मला कळलं. मला येत नव्हतं.

ती थांबली. माझा हात धरून, तोंड किंचित उघडं ठेवून, ऐकायला बसतात तशी. पुन्हा म्हणाली, "म्हण ना, बाळा." मी एखादी ओळ आठवायचा प्रयत्न केला. खोटंच काहीतरी गुणगुणले असते तरी चाललं असतं, पण माझ्याने तेही होईना. बाहेर पडून बायकांना परत बोलावता आलं असतं. त्या वळणापर्यंतच गेल्या असतील. मी उठले नाही. उठले असते तर मी कोण ते तिला कळलं असतं.

आणखी बराच वेळ ती वाट बघत होती. मग तिने माझा हात सोडला आणि भिंतीकडे कूस वळवली. रागाने नव्हे. मागितलं आणि मिळालं नाही, की माणूस वळतं तशी. दिवस मावळायच्या आत गेली.

म्हणजे तिच्या हिशेबी तू आली होतीस. समुद्र ओलांडून आलीस, पलंगाशी बसलीस, तिने दोनदा मागितलं आणि तू गायला नकार दिलास. गावच्या बायकांनी बावीस वर्षं गाऊन ते भरून निघालं नाही, कारण तिने त्यांच्याकडे मागितलं नव्हतं. तुझ्याकडे मागितलं होतं. अजून तेच मागायला येते.

हे वाचून तू मला लिहिणार नाहीस, ते मी धरून चालते. माफीही मागत नाही. माझ्या माफीच्या बदल्यात तुला काही विसरायला लावावं असं मला वाटत नाही.

ती पुन्हा येईल. येऊन खुर्चीत बसेल. काही शिजवू नकोस, ताट मांडू नकोस. आधी तिला सांग की त्या दिवशी पलंगाशी बसलेली ती तू नव्हतीस. कोण होती तेही सांग. मग म्हण.

इस्मे